सीट किती मागे पाडावी

७ जानेवारी, निडी

काल घरी पोचलो. अंग अजून आंबलेलं आहे. ही वही निकेशने बहरीनला दिली होती, "बाबा, प्रवासाचं रोज लिहा," म्हणून. महिनाभर त्याच्याकडे राहिलो, एक ओळ लिहिली नाही. सगळं सुरळीत चाललेलं असताना लिहायचं काय? आज बसलो, कारण विमानात झालं ते डोक्यातून जात नाही.

निकेशने आम्हाला वाटेकडच्या दोन सीट घेतल्या होत्या, एकीमागे एक. मला सारखं उठावं लागतं आणि हिचे गुडघे आखडतात, तेव्हा कोणाला ओलांडायला नको, असा त्याचा विचार. मी पुढे, ही माझ्या मागे. विमान वर गेलं तशी माझ्या पुढच्या मुलाने सीट धाडकन मागे पाडली. असेल पंचवीस-सव्वीसचा. त्याचं डोकं माझ्या छातीशी आलं. म्हटलं, दमला असेल, असू दे. पण जेवण आलं तरी हा हलेना. ट्रे उघडला तर पोटात रुततोय, डाळीची वाटी हनुवटीखाली. मी त्याच्या खांद्याला हात लावला. "सीट सरळ कर रे बाबा, जेवायचंय."

तर म्हणतो, "अंकल, बटन दिया है ना. आप भी पीछे कर लो."

माझी आधीच मागे होती, तरी जागा पुरत नव्हती, हेच तर मी सांगत होतो.

मग माझा आवाज चढला, त्याचाही चढला. सगळे माना वळवून बघायला लागले. एअर होस्टेस आली. तिने त्याला सांगितलं, जेवताना सीट सरळ ठेवायची असते. त्याने कुरकुरत केली. मी म्हटलं, झालं. तर ती माझ्याकडे वळून म्हणते, "सर, आप भी."

मी मागे पाहिलं. ही ताट मांडीवर घेऊन बसली होती. तिचा ट्रे उघडलाच नव्हता, माझी सीट त्याच्यावर आलेली. चहा लुगड्यावर सांडलेला. एअर होस्टेसने तिला विचारलं, "मॅडम, आपने बोला क्यों नहीं?" ही मराठीतच म्हणाली, "असू दे. त्यांना असंच लागतं."

आजूबाजूचे चार मराठी लोक हसले. पुढचा मुलगा सगळ्यांत मोठ्याने. म्हणजे तोही मराठीच निघाला.

मला कळत नाही, या दोन्ही गोष्टी एकच कशा? तो परका माणूस. ही घरची. घरच्या माणसाला त्रास झाला तर ते सांगतं. गाडीत येताना मी हिला तेच म्हणत होतो, "बोलायचं होतंस ना." ही बाहेर बघत होती. पेण आलं तेव्हा म्हणाली, "शांतीकडं उतरू का?" शांती म्हणजे हिची बहीण. सामान एवढं होतं, मी नको म्हटलं.


९ जानेवारी

स्टेशनजवळ मोरूच्या टपरीवर विषय काढला. मोरू म्हणाला, "तिकीट काढलंय ना त्याने? मग सीट जेवढी जाते तेवढी पाडणार तो. नायतर कंपनी बटण कशाला देईल?" हे पटलं.

गुणाजी रोह्याहून आला होता. आम्ही दोघांनी धाटावच्या केमिकल कंपनीत एका शिफ्टला नोकरी केली, सरळ बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तसं नाय. सीट त्याची, पण तुझ्या गुडघ्यापुढची जागा तुझी. तुझ्या जागेत त्याची पाठ कशी येईल?" हेही पटलं.

मग मी विचारलं, तर ती मधली जागा नक्की कोणाची? त्यावर अर्धा तास वाद झाला आणि कोणीतरी एस्टीचा विषय काढला.

मागे ही होती, ते मी सांगितलं नाही. त्याने विषय भरकटला असता.


१२ जानेवारी

ही आज पेणला गेली. बहीण शांती पापडांचं काम करते, तिला हाताखाली माणूस हवंय. "चार दिवस जाऊन येते," म्हणाली. मी म्हटलं, जा. स्टेशनवर सोडायला गेलो तर बहरीनला नेलेली मोठी बॅग घेतलेली.

"चार दिवसांना एवढी बॅग?"

"हातात हीच आली," म्हणाली.

गाडी वेळेवर आली. ती चढली, खिडकीशी बसली. मी हात केला. तिचं लक्ष नव्हतं बहुतेक.


१५ जानेवारी

विमान कंपनीला तक्रार करायचं ठरवलं. एकदा काय ते लेखी कळू दे. रोह्याला झेरॉक्सच्या दुकानात मनाली नावाची मुलगी ईमेल करून देते. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. चांगलं इंग्रजी आहे तिचं. मध्येच तिने विचारलं, "काका, तुमची पण सीट मागे होती?"

"होती."

"तुमच्या मागे कोण होतं?"

"आमचं माणूस."

"काकू? मग त्यांचं पण लिहू? त्यांना पण त्रास झाला ना?"

मी म्हटलं, "त्यांची काही तक्रार नाही." ती पुढे टाइप करायला लागली. आजकालच्या मुलांना मुद्दा काय आणि फापटपसारा काय ते समजत नाही.


२२ जानेवारी

चार दिवस कधीच झाले. फोन केला की "येते" म्हणते. कधी, ते सांगत नाही. मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत असतो.

वालाच्या शेंगा भरल्या. शेजारच्या सुशीलच्या शेतात काल पोपटी लावली होती, शेंगा-अंड्यांचं मडकं उघडल्यावर वास सुटला तसे सगळे जमले. सुशीलच्या आईने, गिरजाबाईने विचारलं, "इंदू नाय आली अजून?" मी म्हटलं, कामात आहे. तिने "बरं" म्हणून माझ्या हातावर शेंगा ठेवल्या, दोन अंडी ठेवली, आणि परत काही विचारलं नाही. ते न विचारणं मला आवडलं नाही.


२८ जानेवारी

विमान कंपनीचं उत्तर आलं. मनालीने वाचून दाखवलं. सीट मागे करणं ही सर्व प्रवाशांसाठी दिलेली सोय आहे, तथापि प्रवाशांनी मागे बसलेल्यांचा विचार करावा अशी त्यांची नम्र विनंती आहे.

म्हणजे पाडावी की पाडू नये? प्लांटमध्ये अशी सूचना लावली असती तर त्याच शिफ्टला अपघात झाला असता. व्हॉल्व्ह उघडायची सोय आहे, तथापि विचार करावा!

घरी येऊन भात लावला. खाली लागला.


२ फेब्रुवारी

न सांगता पेणला गेलो. स्टेशनवरून रिक्षाने खाडीकडे. शांतीच्या घरामागे पडवी आहे, तिथे बायका पापड लाटत बसतात. मी अंगणात पोचलो आणि आतून हिचा आवाज ऐकून थांबलो. एवढ्या मोठ्याने बोलणारी ही कोण, असं क्षणभर वाटलं.

ती विमानाचं सांगत होती. पण तिच्या सांगण्यात तो पुढचा मुलगा नव्हताच. "अगो, यांचं टक्कल असं माझ्या ताटात! मी म्हटलं, अवो जरा पुढं घ्या. हां, म्हणाले. पुन्यांदा म्हटलं. हां. तिसऱ्या टायमाला मी म्हटलंच नाय, भाताचा घास मोडला न् त्यांच्या डोक्याकडं बघत खाल्ला."

बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. एक म्हणाली, "टकलावर पापड लाटायचास गो इंदे!"

मी आत गेलो तसं सगळं थांबलं. शांतीने पाणी दिलं. नंतर आम्ही दोघं अंगणात बसलो.

मी विचारलं, "तू मला सांगितलं होतंस?"

"दोनदा."

"मला ऐकू आलं नाय."

"तुम्ही हां म्हणालात."

मला खरंच आठवत नाही. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत, ती काही बोलली होती हेच माहीत नव्हतं. आणि 'हां' म्हणालो म्हणते, तर म्हणालो असेन. ऐकलं नाही तर हां कसा म्हणालो?

मी म्हटलं, "सीटवरून एवढं? चल घरी."

"सीटवरून नाय."

"मग कशावरून?"

ती हाताला लागलेलं पीठ काढत राहिली. मग म्हणाली, "सांगते. पण सगळं ऐकून घ्याल?" मी म्हटलं, घेईन. ती सांगायला लागली तेवढ्यात गुणाजीचा फोन आला. पेन्शनच्या कामाचं होतं, घ्यावाच लागला. अंगणात फेऱ्या मारत बोललो, फार वेळ नाही. परत आलो तर ही आत जाऊन लाटायला बसलेली.

"काय सांगत होतीस?"

"झालं," म्हणाली.

"घरी कधी येतेस?"

"म्हाईत नाय."

चार बायकांसमोर पुढे काय बोलणार? मधल्या गाडीने परत आलो. काय सांगणार होती कोण जाणे.


५ फेब्रुवारी

'म्हाईत नाय' म्हणजे काय? तारीख माहीत नाही, की यायचंच माहीत नाही?

निकेशला फोन केला. त्याला म्हटलं, तुझ्या आईला समजाव. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जाऊन नुसते बसा तिच्याजवळ." मी म्हटलं, बसून काय करू? तर म्हणाला, "काही नका करू." इंजिनियर झालाय, पण बोलणं हे असं.

आज कोणाशीच सीटबद्दल बोललो नाही. घरात आवाज नाही. कुकरची शिट्टी झाली की बरं वाटतं.


११ फेब्रुवारी

पुन्हा पेणला गेलो. फोन चार्जिंगला लावलेला घरीच राहिला, नागोठणं गेल्यावर लक्षात आलं. दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं.

आज पापडाचं काम नव्हतं. ही म्हणाली, "चला, बांधावर जाऊ." तिचे वडील ज्या मिठागरावर काम करायचे ते आता बंद आहे. तिथल्या बांधावर आम्ही चाललो, मग बसलो. ती बोलत होती. मी ऐकत होतो, कारण दुसरं करायला काही नव्हतं.

तिने जे सांगितलं त्यात मोठं असं काहीच नव्हतं. मी वाट बघत होतो की आता खरं ते येईल. बहरीनला समुद्र दुसऱ्यांदा बघायचा होता, तर मी म्हटलं, बघितलाय की. मुंबईत निकेशच्या पदवीदानाला ती मागच्या रांगेत बसली कारण मी पुढे मित्राशेजारी जागा धरली होती. अशा गोष्टी. मग तिने ओट्याचं काढलं.

स्वयंपाकघराचा ओटा बांधला तेव्हा गवंड्याने उंची विचारली. मी तिथे उभा होतो, त्याने माझ्या कमरेचं माप घेतलं. "तेव्हापासून मी खांदे वर उचलून भाकऱ्या थापतेय," ही म्हणाली. "रात्री खांदा चोळून घ्यायचे ना शेक देऊन, तो त्याचाच."

मी म्हटलं, "मला वाटलं वाताचा आहे."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. ओटा उंच झालाय म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"हां म्हणालात."

बांधावर बगळे होते बरेच. तिने घरी यायचं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना तिने पिशवीत पापड दिले.


१२ फेब्रुवारी

सकाळी ओट्याशी उभं राहून पाहिलं. मला बरोबर येतो. महिनाभर मी तिथे रांधतोय, एकदाही खांदा दुखला नाही. मला त्यात काही चूक सापडेना. मग गुडघे वाकवून तिच्या उंचीने उभा राहायला गेलो, तर ती माझ्या कुठपर्यंत येते तेच आठवेना. खांद्यापर्यंत? की कानापर्यंत? लग्नाच्या फोटोत बघितलं. फोटोत ती बसलेली आहे.


१६ फेब्रुवारी

काळुराम गवंड्याला बोलावलं. मूळचा ओटा त्याच्याच वडिलांनी बांधलेला. म्हटलं, हा फोडून खाली घ्यायचाय. त्याने कडप्प्यावर हात फिरवला. "किती खाली?"

मी हाताने दाखवलं, एवढा. तो हसला. "बाबाजीकाका, अंदाजाने नाय चालत. वापरणार कोण? काकूंना उभं करा, मी खूण मारतो. परत फोडायला नको."

"ती पेणला आहे."

"मग फोन करून विचारा."

फोन केला. काय विचारणार होतो ते सांगितलं. पलीकडे लाटण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कटला. मग म्हणाली, "फोनवर कसं सांगणार माप?"

"काळुराम पण तेच म्हणतो."

"येते उद्या," म्हणाली. "त्याला म्हणावं, मी येईपर्यंत हात लावू नको."


१७ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीने आली. छोटी पिशवी घेऊन. चप्पल काढून भिंतीशी उभी राहिली, हात असा भाकरी थापायच्या जागी धरला. काळुरामने पेन्सिलीची खूण मारली. माझ्या हाताने दाखवलेल्यापेक्षा ती बरीच खाली होती.

"एवढं खाली?" मी म्हटलं.

"व्हय," ही म्हणाली. "एवढं."

काळुरामने फोडायला घेतलं. धूळ फार झाली म्हणून ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मला वाटलं होतं राहील. पण जाताना म्हणाली, "काम झालं की कळवा. मध्ये मध्ये फोटो पाठवा." रात्री पहिला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.


३ मार्च

आली. मोठी बॅग घेऊन आली.

नवीन ओट्यावर आज भाकऱ्या झाल्या. मला मात्र आता भांडं उचलायला वाकावं लागतं, कंबर धरते. ते मी बोललो नाही. मग बोललो. तर ती म्हणाली, "तुम्ही बसून चिरा, उभ्याने मी करते." हे आधी कोणाला का सुचलं नाही?

जेवताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती पेणला पापडाला जाणार. आणि निकेशच्या दिपिकाला दिवस गेलेत, तिला बरं नसतं, तर एप्रिलमध्ये मदतीला बहरीनला जाणार.

मी म्हटलं, "चांगलं आहे. मी तिकिटांचं निकेशला सांगतो."

"मी सांगितलंय. एकाचंच."

"एकाचंच? मी?"

"तुम्ही नको."

"एकटी जाशील? विमानाने?"

"व्हय."

"का पण?"

तिने ताटातला भात कालवला. "मला बघायचंय," म्हणाली. काय बघायचंय ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? की न विचारलेलंच बरं? मला आता या गोष्टींचा काही अंदाज लागत नाही.


९ एप्रिल

हिला विमानतळावर सोडून आलो. आत फक्त तिकीटवाल्याला सोडतात. दारातल्या पोलिसाने कागद मागितले, तिने पर्समधून काढून दिले. कोणता कागद कधी द्यायचा ते तिला माहीत होतं. जानेवारीत सगळे कागद माझ्याकडे होते.

काचेतून थोडा वेळ दिसली, मग गर्दीत दिसेनाशी झाली. विमान चुकलं तर? भाषा कळली नाही तर? परत येताना पेणला शांतीकडे थांबलो. ती म्हणाली, "दाजी, तीच तुम्हाला घेऊन गेली असती. काळजी कसली करता?"


१० एप्रिल

फोन आला. सुखरूप पोचली. मला वाटलं, प्रवासाचं सांगणार नाही. पण सांगायला लागली, आणि मी बसून ऐकलं.

पुढे एक बाई होती, तिने सीट मागे पाडली. मी कान टवकारले. "मग?"

"मग काय? मी तिच्या खांद्याला हात लावला. म्हटलं, बाय, जेवताना पुढं घे. ती म्हणाली, सॉरी आंटी. घेतली पुढं."

"एवढंच?"

"एवढंच. जेवण झाल्यावर मीच तिला म्हटलं, आता कर मागं. कंबर अवघडली असंल तुझी."

महिनाभर मी टपरीवर वाद घातला, रोह्याला जाऊन पत्र पाठवलं, आणि हिने तेवढ्यात हे उरकलं? पण हिचं ऐकलं ते ती बाई चांगली होती म्हणून. तो मुलगा असता तर? की मी जसं बोललो तसं ही बोलली नाही, हे कारण? आवाज चढायच्या आधी मी त्याला नक्की काय म्हणालो होतो, ते आता नीट आठवत नाही.

मग मी विचारलं, "तू पाडलीस का तुझी?"

"पाडली तर! मागं एक पोरगा होता, त्याला विचारलं. हां म्हणाला, तरी मी थांबले, त्याने ग्लास उचलला, मग पाडली. आणि काय सांगू, झोपच लागली. मुंबईचा समुद्र संपायच्या आत झोपले ती जेवणालाच उठले. परत झोपले. विमान उतरायला लागलं तेव्हा त्या एअर होस्टेस पोरीने उठवलं, सीट सरळ करायला."

"दिवसाढवळ्या?"

"दिवसाढवळ्या," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मागून दिपिका काहीतरी विचारत होती, फोन ठेवला.

एवढी वर्षं एका घरात राहिलो. ती माझ्याआधी उठते, माझ्यानंतर आडवी होते. दुपारी कधी पाठ टेकलेली मला आठवत नाही. विमानात ती सीट मागे करून झोपलीय, असं डोळ्यांपुढे आणायला गेलो. निळं लुगडं आलं, हातातली पर्स आली, सीट आली. झोपल्यावर तिचा चेहरा कसा दिसतो, तेवढं काही केल्या येईना.